दर्याला ऐकवायचं असतं

गेल्या वर्षी कंपनीने आम्हा आठ मराठी माणसांना दुबईत कॅटामरान बोटीवर फिरायला नेलं. चढण्याआधी सुरक्षेच्या इंग्रजी फॉर्मवर सही हवी होती. माझी शाळा सातवीत सुटलेली. इंग्रजी वाचता येत नाही हे सोबतच्या ऑफिसवाल्यांना कळू द्यायचं नव्हतं.

बोटीवरचा खलाशी रत्नागिरीकडचा, दाढी पांढरी, पाय अनवाणी. पहिल्याच ओळीवर अडलेलं माझं बोट त्याने पाहिलं आणि तो ओरडला, "यल्ला, चला, बसा सगळे! आमच्याकडे फॉर्म मोठ्यानं वाचतात."

"चाचा, आम्हाला येतं वाचता!" एक ऑफिसवाला म्हणाला.

"तुला येतं रे, दर्याला कुठं येतं? त्याला ऐकवायचं असतं."

त्याने ओळन् ओळ मराठीत सांगितली. मी निवांत सही केली. दिवसभर पाण्याचीही भीती वाटली नाही.

यंदा दुसरी बोट होती. तिथे फॉर्म कुणीच मोठ्यानं वाचेना. मग मीच तिथल्या खलाशाला म्हटलं, "भाऊ, मोठ्यानं वाचा. दर्याला ऐकवायचं असतं."