फिट येण्याआधीचा शब्द

मेंदूला मार लागलेली, फिट येणारी, झोप उडालेली माणसं आणि त्यांच्या घरचे यांच्याशी मी दिवसभर बोलत असते. म्हणून शेजारच्या काकू म्हणतात, "हिले गप्पा माराचा पगार भेटते!" म्हणोत बापड्या. संशोधन असंच चालतं हे त्यांना समजावायचं मी कधीच सोडून दिलंय. या गप्पांत एकेका शब्दावर अडून बसावं लागतं, आणि माझा स्वभाव जन्मापासूनच अडून बसणारा आहे.

एकदा एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. मुलगी जामुलची, छत्तीसगढी घरातली. भिलाईतल्या मराठी घरात लव्ह मॅरेज करून आलेली. चहा ठेवताना फिट आली होती, त्यात डावा हात चांगलाच भाजला होता. औषधं सुरू होती. पण स्टील प्लांटमधून रिटायर झालेल्या सासऱ्यांनी निकाल देऊन टाकला होता, की पोरीला माहेरी पोचवा, बरी झाली तर पाहू. हे "बरी झाली तर पाहू" ऐकलं की माझं डोकंच फिरतं! अशा माहेरी पोचवलेल्या मुली परत आलेल्या मी फारशा पाहिल्या नाहीत.

"मी नाई पाठवू देत," सासू म्हणाली. "खोटं कावून सांगू मॅडम, पयले वर्सभर मी हिच्याशी बोलली नाई. पोरानं आमाले न इचारता लगन केलं, राग होता. ही मम्मीजी म्हनली का मी तोंड फिरवून घेत होती. पन फिटच्या टायमाले ही कोनाले हाक मारते? नवऱ्याले नाई. सोताच्या मायले नाई. मले! 'आई, आई' करते न पडते. मंग सांगा, अशा टायमाले मले आई म्हननाऱ्या पोरीले मी घराबाहेर काढू?"

तिचे डोळे भरून आले होते. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. जामुलची पोर आईला दाई म्हणेल, मम्मी म्हणेल. आई कशाला म्हणेल? ही तर सासरीही सगळ्यांशी हिंदीतच बोलायची. आणि हिंदीत 'आई' म्हणजे आली! शिंक नाकाशी आली की आपण "आली, आली" करतो ना, तसं. पोर सासूला बोलावत नव्हतीच. फिट आली, एवढंच सांगत होती.

अरे देवा!

खरं तर मला आनंदच झाला. पडण्याआधी तिला कळतं, बोलताही येतं, म्हणजे गॅस बंद करायला, तिला खाली बसवायला थोडी सवड मिळते. पण ज्या शब्दावर ती त्या घरात टिकून होती तो मुळात हाकच नव्हता. तरी खोड जाते का? खात्री करून घ्यायला मी मुलीला हिंदीतच विचारलं, फिटच्या आधी काय होतं?

"पेट से कुछ ऊपर चढ़ता है. फिर मैं बोलती हूँ, आई."

"आई मतलब?"

विचारलं आणि जीभ चावली. सासू शेजारीच बसली होती, तिच्या पाठीवर हात ठेवून. मुलीला दोन्ही अर्थ ठाऊक होते, नवरा घरात दिवसभर आईला 'आई'च म्हणायचा. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला काय कळलंय, ते तिला नेमकं कळलं.

"सांग ना वो," सासू म्हणाली, "मॅडम इचारून राहिल्या."

"आई म्हणजे..." ती मराठीत म्हणाली, अडखळत. तोवर तिच्या तोंडून मी मराठीचा एक शब्द ऐकला नव्हता. "आई म्हणजे ह्या. ह्यांना बोलावते."

सासूनं माझ्याकडे असं पाहिलं, की बघा, मी सांगत नव्हते? आणि मी, एकेका शब्दावर अडून बसणारी, चक्क मान डोलावली.

मग सासूला समजावलं. ही हाक पडायच्या आधीची आहे. ऐकली की गॅस बंद करा, तिला खाली बसवा. तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा. आणि झोप मोडू देऊ नका, कारण हिच्या फिटा अपुऱ्या झोपेनंतरच येत होत्या. नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट असली की ही पहाटे उठून डबा करायची.

"एवढंच ना?" सासू पदर खोचून उठली. "डबा मी करतो. हिनं बलावलं न मी गेली नाई, असं होईन का? न आता घरी ह्यायले माहेरचं नुसतं नाव त काढू द्या, मंग सांगतो मी त्यायले."