राहून गेलेली टाळी

बाईंचा आवाज निम्म्या शहराला ओळखीचा होता, पण चेहरा कुणाला ठाऊक नव्हता. बसस्थानकाच्या जिन्याखाली काचेची एक खोली होती. तिच्यात बसून नोकरीची सगळी वर्षं त्यांनी गाड्यांच्या घोषणा केल्या. गाडी वेळेवर असो, रद्द झालेली असो की वाटेत बंद पडलेली असो, त्यांच्या सुरात तसूभर फरक पडत नसे. बाजारात त्या ‘अर्धा किलो द्या’ म्हणाल्या की शेजारचं गिऱ्हाईक दचकून घड्याळाकडे बघायचं.

निवृत्त झाल्यावर त्या भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायला आल्या. घर वाईट नव्हतं. भाऊ मुळातच कमी बोलणारा, वहिनी टीव्हीशी बोलायची आणि भाच्या फोनशी. बाईंच्या वाट्याला दिवसभरात फार तर ‘आत्या, जरा हळू’ एवढं यायचं. आपण हळू बोलू शकत नाही हे त्यांना तेव्हा कळलं. मग त्या बोलायच्याच थांबल्या.

म्हणून अंधांच्या ग्रंथालयाला पुस्तकं वाचून देणारं माणूस हवंय असं कळल्यावर त्या चौकशीला गेल्या आणि तिथल्याच होऊन राहिल्या. वाचन ध्वनिमुद्रित करायची खोली कपाटाएवढी, भिंतींना गादीतला फोम चिकटवलेला. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. पान उलटताना कागद वाजू नये, म्हणून तो बाजूला सरकवायचा. आणि चूक झाली तर थांबून एक टाळी वाजवायची, मग वाक्य पहिल्यापासून घ्यायचं. संगणकाच्या पडद्यावर त्या टाळीचा उंच सुळका दिसतो. पलीकडच्या खोलीतला माणूस तेवढे सुळके शोधून चुकलेलं वाक्य कापून टाकतो. त्याला सगळे कात्रीच म्हणत. अख्खं पुस्तक ऐकायला त्याला सवड नव्हती, त्याची भिस्त सगळी टाळ्यांवर होती.

बाईंच्या टाळ्या सगळ्यांत कमी. “तुमच्या पुस्तकात मला कामच मिळत नाही,” कात्री म्हणायचा. “माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही.” बाई हसत नसत, पण त्या दिवशी घरी जाताना त्यांची चाल जरा वेगळी असे.

एका दुपारी पाणीखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ पुस्तक घेऊन आले. उभा जन्म घरोघरी फिरून त्यांनी पाण्याचे मीटर तपासले होते, म्हणून ग्रंथालयात त्यांचं नाव मीटरवाले काका असं पडलं. पुस्तक त्यांनीच लिहिलेलं, पदरच्या पैशांनी छापलेलं. मुखपृष्ठ काळंकुट्ट, त्यावर त्याहून काळं झाड. नाव होतं ‘अखेरचा दिवाही विझला’.

काका खुर्चीच्या टोकावर बसून बोलले. बायकोची नजर साखरेच्या आजारानं गेली होती. त्यांना एक मुलगा होता, तो शाळेत असतानाच गेला. त्याच्याबद्दल घरात तेव्हापासून एक शब्द निघालेला नाही, ना त्यांच्याकडून, ना तिच्याकडून. “हे सगळं त्याच्यावरच आहे,” ते पुस्तकावर हात ठेवून म्हणाले. “मी वाचायला घेतलं की दुसऱ्या ओळीपुढे जाता येत नाही. तिनं एकदा ऐकावं, एवढंच आहे माझं.”

बाईंनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. इतक्या वर्षांत कुणी त्यांच्या आवाजाकडे गाडीच्या वेळेखेरीज काही मागितलं नव्हतं.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिल्या प्रकरणाचं नाव ‘अंधार’, दुसऱ्याचं ‘गडद अंधार’, तिसऱ्याचं ‘त्याहून गडद’. पहिल्यात घराला आग लागली. आग विझवायला पाणी काढताना आजी विहिरीत पडली. आजीला काढायला उतरलेला चुलता वर आलाच नाही. दुसऱ्या प्रकरणात पूर आला, आणि आगीतून जेवढं वाचलं होतं तेवढं वाहून गेलं. मुलगा आजारी पडला तो तिसऱ्यात. डॉक्टर निघाले, तर वाटेत त्यांच्यासकट पूल कोसळला. दुसरे डॉक्टर मोठा वळसा घालून कसेबसे पोचले आणि रुग्णाची नाडी हातात धरल्या धरल्या स्वतःच हृदय बंद पडून कोसळले.

इथे बाईंच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांनी तो दातांखाली धरला आणि पुढे गेल्या.

पण पुस्तक दम घेईना. मुलगा गेला, तेव्हा छपराची तुळई खाली आली. आई वेडी झाली, आत्या मुकी झाली, कुत्र्यानं अन्न सोडलं. शेजारी सांत्वनाला आले आणि त्यांना साप चावला. पाऊस तर दर पानावर होता, आणि रोज रात्र. दिवस उगवल्याचा उल्लेख एकदाच होता, तोही सूर्यग्रहणासाठी. बाई घामाघूम होऊन वाचत राहिल्या. तोंडातून काहीतरी सुटू बघत होतं. ते रडू नव्हतं हे त्यांना कळत होतं, आणि त्याची त्यांना भीती वाटत होती. डोळ्यांसमोर त्या म्हाताऱ्याचा पुस्तकावर ठेवलेला हात दिसायचा, मग त्या श्वास सावरून पुढची ओळ घ्यायच्या.

सहाव्या प्रकरणात त्या जळक्या, बुडक्या, पडक्या घराच्या दारात शिंपी आला.

‘शिंपी म्हणाला, शाळेची पँट झाली. पोराचं वाढतं अंग आहे, म्हणून थोडी लांब ठेवलीय. बापानं पँट हातात धरून पाहिली. म्हणाला, दोन बोटं कमी करा. शिंपी बरं म्हणाला.’

बाईंनी ते नीट वाचलं. शेवटचा शब्द पूर्ण केला आणि त्यांना हसू फुटलं. साधंसुधं नाही. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, फोमच्या त्या भिंतींमध्ये एकट्याच. आपलं असं हसणं त्यांनी तरुणपणानंतर ऐकलं नव्हतं. ओसरल्यावर त्यांनी तोंड पुसलं, पाणी प्यायल्या, मनातल्या मनात त्या माणसाची माफी मागितली आणि पुढच्या परिच्छेदापासून सुरू झाल्या.

टाळी द्यायची राहिली. शब्द चुकला की हात आपोआप उठे. इथे शब्द एकही चुकला नव्हता.

ते ध्यानात आलं पुढच्या आठवड्यात. कात्री सहज बोलून गेला, “तुमच्या त्या काळ्या पुस्तकात एक सुळका असेल तर शपथ. तसंच पाठवलं पुढे. सकाळीच मीटरवाले काका घेऊन गेले, हात जोडत होते बिचारे.”

बाई तशाच त्याच्या खोलीत शिरल्या. त्यांनी सहावं प्रकरण लावायला सांगितलं. शिंपी आला, बरं म्हणाला, आणि खोलीभर ते हसणं सुरू झालं. थांबेचना. कात्रीही हसू लागला, पण बाईंचा चेहरा बघून गप्प झाला.

“काढ ते,” बाई म्हणाल्या. “दुसरी प्रत करून दे. आत्ता.”

दुरुस्त केलेली प्रत पर्समध्ये घालून त्या पत्ता शोधत गेल्या. जुनी तीन मजली इमारत, जिन्यात ओलसर वास. दुसऱ्या मजल्यापर्यंत आल्या तर वरून आवाज ऐकू आला. त्यांचाच आवाज, संथ, कुणाला तरी साप चावल्याचं सांगत होता. वरच्या वळणावर, घराच्या उघड्या दाराबाहेर, घडीच्या स्टुलावर काका बसले होते.

“आत बसवत नाही मला,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “पाचवं संपत आलंय. ती काही बोलत नाही. बंदही करत नाही.” मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “तुम्हाला कसं वाटलं?”

बाईंना खोटं बोलता येत नव्हतं, कधी वेळच आली नव्हती. “शब्द न् शब्द वाचलाय,” त्या म्हणाल्या. “प्रतीत थोडा दोष आहे, बदलून देते.”

आत पलंगाला टेकून काकू बसल्या होत्या. वाळलेला देह, डोळे भिंतीकडे, मांडीवर पुस्तक ऐकायचं यंत्र, आणि दोन्ही हात त्याच्या कडांवर घट्ट. बाईंनी आपण कोण ते सांगितलं.

“आवाजावरून कळलं. बसा.”

“काकू, प्रत बदलायला आले होते. ही जरा सदोष निघाली.”

“बदला की. हे होऊ दे.”

यंत्र हातातून काढून घेणं बाईंना जमलं नसतं. त्या खुर्चीवर टेकल्या. सहावं प्रकरण सुरू झालं.

“तो डॉक्टर मेला होता ना?” काकूंनी मध्येच विचारलं.

“दोघेही.”

“आणि साप कुणाला चावला?”

“शेजाऱ्यांना.”

“आमच्या शेजारी चांगली माणसं होती,” काकू म्हणाल्या, आणि पुन्हा ऐकू लागल्या.

शिंपी आला. बाईंनी डोळे मिटून घेतले. पँट, लांबी, दोन बोटं, बरं. मग ते हसणं त्या लहानशा खोलीत उसळलं, भिंतींवर आपटलं, दारातून जिन्यात गेलं. बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज झाला. काकूंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. हसणं संपलं, पाणी प्यायल्याचा घोट ऐकू आला. काकूंनी चाचपून यंत्र बंद केलं.

“हे पुस्तकात नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही. मी हसले.” बाई खुर्चीच्या कडेला सरकल्या. “चुकलं माझं. तुमच्या मुलाचं होतं, आणि मी... इतकं सगळं झाल्यावर तो शिंपी पँट घेऊन आला आणि मला आवरलं नाही.”

काकूंनी यंत्र बाजूला ठेवलं. बोलल्या तेव्हा आवाज अगदी साधा होता, बाजारहाटाचं सांगावं तसा.

“आग लागली नव्हती आमच्याकडे. पूर कुठला, तिसऱ्या मजल्यावर? तापानं गेला पोरगा. डॉक्टर चांगले होते, अजून आहेत. एवढ्या पुस्तकात खरं काय असेल तर तो शिंपी. मी आतल्या खोलीत होते, दार लोटलेलं. ऐकलं मी सगळं. पोरगा सकाळी गेलेला, आणि हा माणूस दारात उभा राहून पँटची लांबी सांगतोय. दोन बोटं कमी करा म्हणे. त्या दिवसापासून मी ह्यांच्याशी कामापुरतं बोलते.”

काका दारात येऊन उभे होते. त्यांनी ते ऐकलं होतं, आणि ऐकलंय हे काकूंना कळलं होतं.

“पुढे काय लिहिलंय?” काकूंनी बाईंना विचारलं. “असं का म्हणाला तो बाप, ते लिहिलंय का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “पुढच्या ओळीत वीज पडते.”

“कुणावर?”

“शिंप्यावर.”

काकूंच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की कसला, ते बाईंना कळलं नाही. मग त्यांनी दाराकडे तोंड वळवलं.

“त्या गरिबावर वीज कशाला?”

काका पलंगाच्या पायथ्याशी बसले. गुडघ्यावरचे हात उचलून त्यांनी पुन्हा गुडघ्यावर ठेवले.

“परत येऊ नये म्हणून,” ते म्हणाले.

“आला होता परत?”

“गुरुवारी. तू झोपली होतीस. मी जिन्यातच घेतली पँट.”

“त्याला सांगितलं?”

काकांनी मान हलवली. मग तिला दिसत नाही हे आठवून म्हणाले, “नाही.”

“का नाही? शब्द किती लागतात त्याला?”

“त्याला ठाऊक नव्हतं ना,” काका म्हणाले. “सगळ्यांना ठाऊक होतं. शिंप्याला तेवढं नव्हतं. त्याच्या लेखी पोरगा सोमवारी शाळेत जाणार होता. म्हणून लांबी सांगत बसलो. काहीतरी तर सांगायला हवं होतं, नाहीतर शिंपी निघून गेला असता.” त्यांनी चादरीची कड सरळ केली. “लिहायला घेतलं तेव्हा हे फार लहान वाटलं. एवढ्याशा पँटवर कोण रडणार? म्हणून आग घातली. मग आग पुरेना.”

खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला, बंद केला. बाईंना उठून जावंसं वाटत होतं, पण जागचं हलणंसुद्धा त्या वेळी आगाऊपणा झाला असता.

“बरोबर झाली होती का?” काकूंनी विचारलं.

“काय?”

“लांबी.”

“त्याच्या जुन्या पँटवर ठेवून बघितली. आखूड...” काका म्हणाले. त्यापुढे त्यांना बोलता येईना. त्यांनी उजवा हात वर केला आणि अंगठा नि तर्जनी यांच्यात थोडं अंतर धरलं. बायकोच्या चेहऱ्यासमोर तो हात तसाच राहिला. काकू मात्र उत्तराची वाट बघत होत्या.

बाईंनी त्या बोटांकडे पाहिलं.

“बोटांनी दाखवताहेत, काकू,” त्या म्हणाल्या, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज इतका हळू निघाला की तो त्या खोलीबाहेर गेला नसेल. “एवढीशी आखूड झाली होती.”

काकूंनी हात पुढे केला, हवेत थोडा फिरवला, आणि ती दोन बोटं, त्यांच्यातलं अंतर न मिटवता, आपल्या मुठीत धरली.