इस्माईल आणि सात मात्रांची रेकॉर्ड

आज दुपारी ज्याला खांदा दिला, त्याच्याशी मी पासष्टहून जास्त वर्षं खोटं बोललो.

इस्माईल. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचा. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासूनचा माझा मित्र.

आज सकाळी गेला. झोपेतच.

फेसबुकवर मी सहसा आंब्याचे आणि नातवंडांचे फोटो टाकतो. आज हे लिहितोय. वाचा.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. रत्नागिरीत आम्ही पाच-सहा पोरं रॉक अँड रोलची वेडी. केसांचा फुगा, शिंप्याच्या मागे लागून शिवलेल्या अरुंद पँटी.

चावीचा फोनो, म्हणजे ग्रामोफोन, माझ्या घरी. म्हणून लीडर मी.

इस्माईलचे वडील बोटीवर खलाशी. एका खेपेला त्यांनी परदेशातून एक रेकॉर्ड आणली. कुठल्यातरी नव्या बँडची. रविवारी दुपारी आमच्या माडीवर सगळे जमले. मी सुई ठेवली आणि सगळे नाचायला उठले.

अर्ध्या मिनिटात पाय पायांत अडकले.

टाळी कुठे द्यावी तेच कळेना. गाणं मध्येच एक पाऊल खाऊन पुढे पळायचं.

एक म्हणाला, "चावी संपली काय रे?"

मी ऐटीत जाहीर केलं, "फॉल्टी पीस आहे. सुई उडतेय. दुकानात परत द्यायला सांग वडिलांना."

इस्माईल खिडकीत बसला होता. म्हणाला, "परत लाव."

तीनदा ऐकलं त्याने. डोळे मिटून, मांडीवर बोटं आपटत.

"उडत नाय मेल्या. सात आहेत. तीन, दोन, दोन. आपल्या रूपक तालासारखं. तुम्ही चारात नाचताय, म्हणून पडताय."

मग त्याने मोजत टाळ्या दिल्या आणि आम्ही त्याच्या टाळीवर नाचलो. काय सांगू! तासभर तीच रेकॉर्ड. खालून आई ओरडली तरी थांबलो नाही.

त्या दिवसापासून पोरं मला विचारेनाशी झाली. सगळं इस्माईलला. आणि माझी टिंगल: "वसंता रेकॉर्ड परत द्यायला निघाला होता!"

मी पण हसायचो. आतून जळायचो.

इस्माईल कॉलेजच्या संगीताच्या सरांकडे तबला शिकत होता. सर त्याला मुंबईला आपल्या गुरूंकडे पाठवणार होते. त्याच्या वडिलांना पोरगा बोटीवर हवा होता, पण सरांच्या शब्दाखातर तेही तयार झाले होते.

गॅदरिंगला सरांनीच सुचवलं: रेकॉर्ड वाजेल आणि इस्माईल तिला तबल्यावर साथ करेल. रत्नागिरीत असलं काही कोणी ऐकलं नव्हतं.

फोनो माझा. म्हणून चावी द्यायला मी.

हॉल भरलेला. इस्माईलने असा ठेका धरला की पहिल्या रांगेतले प्रोफेसर पुढे सरकून बसले. मागची पोरं आपल्या चाराच्या टाळ्या ठोकत होती, चुकत होती, ओरडत होती. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. माझ्याकडे कोण बघतो?

मी एका बोटाने सुईची दांडी किंचित ढकलली.

एवढंच.

टाळ्यांच्या गोंगाटात कोणाला काही कळलं नाही. पण गाणं पुढे गेलं आणि इस्माईल मागे राहिला. त्याने सम धरायचा प्रयत्न केला, पुन्हा हुकला. हॉल हसला. "उतरवा त्याला!"

तो थांबला. हात तबल्यावर तसेच. त्याने माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. तू चुकलास, अशी.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "होतं एखाद्या वेळी. पत्र मी लिहितोच आहे."

इस्माईल म्हणाला, "नको सर. गावात चार लोकांपुढे सम सापडत नाय. मुंबईत जाऊन काय करू?"

मी शेजारी उभा होतो. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं.

तीन महिन्यांत तो वडिलांबरोबर बोटीवर गेला. तबले सरांना देऊन टाकले.

पुढची सगळी वर्षं तो मला बंदराबंदरातून पत्रं पाठवायचा. माझ्या लग्नात ट्रान्झिस्टर आणला. प्रत्येक सुट्टीत मी ठरवायचो, या वेळी सांगायचं. प्रत्येक वेळी राहिलं.

गेल्या महिन्यात त्याला भेटायला गेलो होतो. त्याच्या नातीने, सनाने, ते गाणं मोबाईलवर शोधून काढलं होतं. तो पलंगावर पडून बोटं आपटत होता. पूर्ण गाणं. एकदाही हुकला नाही.

मग म्हणाला, "वसंता, यात चुकण्यासारखं काय नाय रे. त्या दिवशी मी घसरलो कुठे?"

खोलीत आम्ही तिघंच. यापेक्षा चांगली संधी देव कोणाला देत नाही.

मी म्हणालो, "घाबरला असशील. वय होतं तसं."

"असेल," म्हणाला.

आज दफनविधीनंतर मी त्याच्या बायकोसमोर, सकिनाभाभींसमोर बसलो आणि सगळं सांगितलं.



त्या म्हणाल्या, "वसंतभाऊ, जेवताना पण ते ताटावर बोटं वाजवायचे. विचारलं की म्हणायचे, कुठे चुकलो ते शोधतोय. मला वाटायचं, खूळ आहे यांचं."

मी माफी मागितली.

"मला सांगून काय उपेग? त्यांना सांगायचं होतंत."

आणि मला चहा ठेवायला आत गेल्या.

त्याच्या मुलांनी, नातवंडांनी हे वाचावं म्हणून इथे लिहितोय. मला चांगलं म्हणू नका. कमेंटमध्ये "मोठं मन" वगैरे तर अजिबात लिहू नका.

इस्माईल, तू चुकला नव्हतास.

जा मित्रा. अल्ला तुला सुखात ठेवो.