डाव्या हाताचं स्वयंपाकघर

घरोघरी मातीच्या चुली असतात म्हणे. ही म्हण ज्याने काढली त्याने विक्रीला काढलेली घरं पाहिलेली दिसत नाहीत. किल्लीताईने पाहिली होती. घरं दाखवायचं तिचं काम. पर्समध्ये कायम दुसऱ्यांच्या घरांच्या किल्ल्या खुळखुळत, म्हणून ऑफिसात हे नाव पडलं ते पडलंच. ज्यांवर कधी कांदा चिरला गेला नाही असे संगमरवरी ओटे तिने पाहिले होते. भिंतीत लपवलेले फ्रिज पाहिले होते, म्हणजे पाणी प्यायचं तर आधी फ्रिज शोधा. एका स्वयंपाकघरात मधोमध एवढा थोरला ओटा होता, की नवराबायको भांडले तरी एकमेकांच्या हाती लागणार नाहीत, असं ती गिऱ्हाइकाला सांगायची. ते घर पटकन विकलं गेलं.

घर विकतं ते स्वयंपाकघर, हे तिचं ठाम मत. बाकीच्या खोल्यांतून माणसं नुसती फिरतात, इथे थांबतात. गिऱ्हाईक गेल्यावर तीही थांबायची. लग्न राहून गेलं ते गेलंच, धाकट्या भावाकडे राहायची. भावजय काही वाईट नव्हती. पण ही ओट्यापाशी गेली की "असू द्या हो वन्सं, मी करते," म्हणायची, आणि त्या गोड बोलण्यात 'हात लावू नका' असायचं. पन्नाशी आली, तरी आपण ठेवू तिथेच मिठाचा डबा राहील अशी जागा तिला मिळाली नव्हती. तेवढी एकच हाव होती बिचारीला. मग काय, दुधाची तहान ताकावर.

त्यात ते घर आलं. मालक म्हातारा सुतार, एकटाच राहणारा. बायको वारलेली, असं ऑफिसातल्या साहेबांनी सांगितलं होतं. स्वयंपाकघर त्याने तिच्यासाठी स्वतःच्या हाताने बनवलं होतं, आणि काय बनवलं होतं! फिकट लाकडाची कपाटं, एकाही दाराला मूठ नाही, बोट टेकवलं की उघडायची. फोटो पाहून गिऱ्हाइकांची रीघ लागली. पण आत शिरलं की प्रत्येक बाई अवघडायची. कुणाचं कोपर आपटे, कुणाच्या अंगावर कपाटाचं दार येई. "सुंदर आहे हो, पण काहीतरी खटकतंय," म्हणत निघून जायच्या. एकीला तर रडू यायला लागलं, आणि का ते तिचं तिलाही सांगता येईना. मालक पुढच्या खोलीत बसून हे सगळं ऐकायचा आणि गालातल्या गालात हसायचा. याला घर विकायचंय तरी का, अशी शंकेची पाल किल्लीताईच्या मनात चुकचुकली.

एका सकाळी गिऱ्हाईक आलंच नाही. "आलाच आहात तर चहा टाका," मालक म्हणाला. "दोघांना पुरेल एवढा."

तिचंही कोपर आपटलं. इकडे चमचा शोध, तिकडे गाळणी शोध, तेवढ्यात चहा उतू जायला लागला. घाईत तिचा डावा हात पुढे गेला आणि बरोब्बर शेगडीच्या बटणावर पडला. मग गाळणी, मग चमचा, मग कप. डावा हात जाईल तिथे वस्तू. बघावंसुद्धा लागेना.

लहानपणी ती डावखुरी होती. आईने डाव्या हाताला फडकं बांधबांधून ती सवय मोडून काढली होती. त्यानंतर आजपर्यंत त्या हाताला कुणी काही मागितलं नव्हतं.

गडबडीत साखर राहिली. एरवी दोन चमचे घेणारी ती तसाच चहा प्यायली, आणि तो तिला आवडला.

"तीही बिनसाखरेचाच घ्यायची," मालक म्हणाला.

"कधी गेल्या त्या?"

"गेलीय खरी," तो म्हणाला. "येईल."

आपल्याकडे माणूस भाजी आणायला गेला तरी गेला आणि कायमचा गेला तरी गेलाच. म्हातारा यातलं कोणतं म्हणतोय ते तिने विचारलं नाही. इथून पळ काढायला हवा, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. बाईसाहेब दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मग रोजच, गिऱ्हाईक असो वा नसो.

वरची एक फळी तिच्या हाताला पुरत नव्हती. एक दिवस ती खाली आलेली दिसली, आणि भिंतीवर जुन्या जागी साधं भोकसुद्धा नव्हतं. तिने विचारलं तर मालक म्हणाला, "ती तिथेच होती की." घरी भावजय म्हणाली, "वन्सं, काल तुम्ही मला कुठल्यातरी वेगळ्याच नावाने हाक मारलीत." हिने हसण्यावारी नेलं. तिला भीती वाटत नव्हती असं नाही, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नव्हता. पण घर विकलं जाईल याची भीती त्याहून मोठी होती.

आणि खरं गिऱ्हाईक आलं. तरुण जोडपं होतं. बायको आत आली, तिने डाव्या हाताने कप्पा ओढला, मग दुसरा, आणि नवऱ्याकडे वळली.

"मी डावखुरी आहे ना, बघ, सगळं कसं माझ्या हाताशी आहे. आपण हेच घ्यायचं."

किल्लीताईचं डोकं भणभणलं. आपल्या ताटात परक्या बाईने हात घालावा, तसं झालं तिला. काम म्हणून हसायला हवं होतं, ते काही जमेना.

मालक दारात येऊन उभा राहिला. त्याने एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे.

"अगं," तो म्हणाला, "पाहुण्यांना चहा तरी विचार."

कुणाला म्हणाला ते त्या पोरीला कळलं नाही. किल्लीताईला कळलं. आजवर त्याने तिला 'तुम्ही' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. ऐकलंच नाही असं दाखवायचं, पर्स उचलायची, जोडप्याला घेऊन ऑफिस गाठायचं. तेवढ्यावर सुटली असती. पण तिने पर्स उचलली नाही.

"चहा घेऊन जा," ती जोडप्याला म्हणाली. "पण घर विकायचं नाहीये आम्हाला."

"आम्हाला म्हणजे?" तरुणाने विचारलं. "तुम्ही तर घर दाखवायला आलात ना?"

ती कप काढायला वळली. दोघं जरा वेळ घुटमळली आणि कुरकुरत निघून गेली. मालकाने दाराला कडी घातली आणि तो ओट्याजवळच्या स्टुलावर येऊन बसला.

"कुठे होतीस इतके दिवस?"

तिने खरंच आठवून पाहिलं. कुणा भावाचं घर, दारातल्या चपला, एका बाईचा गोड आवाज. पण चेहरा काही केल्या डोळ्यांसमोर येईना.

"मी कुठे जाणार?" ती म्हणाली, आणि तिने चहाचं आधण ठेवलं.