रिकामे हात

रस्त्यावरून आणलेली ही कुत्री कायमचं घर मिळेपर्यंतच माझ्याकडे आहे. कुणाच्या हातात लांब काही दिसलं की ती पलंगाखाली शिरते. म्हणून तिला पाहायला येणाऱ्यांचे मी आधी हात पाहते. माणसाचा स्वभाव चेहऱ्याआधी हातांत उतरतो, असं वाटू लागलंय. हे वारल्यापासून कुणाला निरोप देणं जमत नाही, आणि ती चुकीच्या घरी पडली तर, ही धास्ती वेगळीच.

आज आलेल्या गृहस्थांच्या हातात छत्री होती. कुत्री पलंगाखाली दडली.

“मला घाबरली का हो?”

“छत्रीला.”

ते छत्री दाराबाहेर ठेवून आले, फरशीवर बसले. “ये गं बाई, काही नाही बघ हातात.”

बऱ्याच वेळाने तिने त्यांचा तळवा हुंगला. त्यांना नाही म्हणायला आता माझ्याकडे कारणच उरलं नव्हतं.