कमरेला विचारून करमाळा

चार महिन्यांपूर्वी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात मी एकट्याने गठ्ठा उचलला, उचलता उचलताच वळलो आणि कमरेत वीज चमकली. ‘संजू असताना दुसरा माणूस कशाला’ ही माझी कीर्ती त्याच दिवशी आडवी झाली. आता सोमवारी कामावर जायचं की नाही, हे ठरायचं होतं. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, “आधी एक लांबचा प्रवास करून बघा. सलग चाळीस मिनिटांपेक्षा जास्त बसायचं नाही. पायात मुंग्या आल्या तर पुढे जायचं नाही.”

बायकोची मावशी करमाळ्याला असते, तिथल्या कमलाभवानीचं दर्शनही राहिलं होतं. शनिवारी सकाळी सहाला जुळे सोलापुरातून निघालो. गाडी सलीमची, तो माझ्याच कारखान्यात असतो. कमरेमागे आमच्याच मालातला टॉवेल गुंडाळून ठेवला. कंबरदुखीवाल्यांनो, महागाची उशी घ्यायच्या आधी हे करून बघा.

मोहोळजवळ सलीमच्या मोबाईलवर लावलेला चाळीस मिनिटांचा गजर वाजला. चहाच्या टपरीमागे चादर अंथरून मी उताणा झालो, गुडघे दुमडले आणि मॅडमनी शिकवल्याप्रमाणे कंबर सावकाश वर-खाली करू लागलो. एक आजी लगबगीनं आल्या.

“आरं, पाणी मारा की ह्याच्या तोंडावर. फिट आली न्हवं?”

“फिट न्हाय आजी, व्यायाम हाय,” सलीम म्हणाला.

“मग घरी जागा न्हाय व्हय?”

टेंभुर्णीपर्यंत हायवे झकास. तिथून करमाळ्याकडे वळलात की गतिरोधकांवर गाडी हळू घ्यायला सांगा. त्याच रस्त्यावर माझ्या डाव्या मांडीत झणझण सुरू झाली. माझं तोंड उतरलं. सोमवार गेला, नोकरीही गेली, असंच वाटलं. सलीमने गाडी थांबवली. उतरून खिसा चाचपला, तर बायकोचा फोन. मोबाईल खिशात थरथरत होता. आम्ही दोघं इतके हसलो की कमरेला हात लावावा लागला.

देवळात निवांत दर्शन झालं. मावशींकडे ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगांची आमटी चापली, पण जमिनीवर मांडी न घालता, खुर्चीत बसून. निघताना अंगणात आम्हाला द्यायला ज्वारीचं पोतं तयार होतं. माझा हात सवयीनं पुढे गेला.

“थांबा जावईबापू,” मावशी म्हणाल्या. “सूनबाई, धर गं त्या बाजूनं.”

“मावशी, मला लाज वाटते हो.”

“कशाची? आमी दोघीबी एकेकटीनं उचलू शकतो की. पण जोडीला माणूस असताना एकटीनं कशापायी उचलायचं?”

परतीच्या वाटेवर तीन थांबे घेत घरी पोचलो. पाय शाबूत, कंबर थोडी कुरकुरत होती. रविवारी मॅडमना फोनवर सगळं सांगितलं. “जा, पण बेतानं,” त्या म्हणाल्या.

सोमवारी पहिलाच गठ्ठा समोर आला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पाठ ताठ ठेवून गुडघ्यात वाकलो आणि हाक मारली, “सलीम, त्या बाजूनं धर की.”

त्याने धरलं. “हे चार महिन्यांपूर्वी बोलला असतास तर?”

“तर करमाळा राहिलं असतं.”