स्ट्रॅटेजी म्हणजे काय?
कोऱ्या टॉवेलचा खळीचा वास आला की मला चिंचोळीच्या एमआयडीसीतली ती केबिन आठवते. पीएच.डी.साठी मी एका टॉवेल कारखान्याच्या मॅनेजरांना भेटायला गेले होते. पंखा गरम हवाच फिरवत होता, भिंतीपलीकडे माग धडधडत होते. "स्ट्रॅटेजी म्हणजे काय, तुमच्या मते?" मी विचारलं. "तुमच्या पुस्तकात काय हाय?" "काय करायचं आणि काय सोडायचं, हे आधीच ठरवणं." ते म्हणाले, "हितं मालक ठरवतात, आमाला कळवतात. सोमवारपासून हे माग बंद. माझा धाकटा भाऊ तितंच कामाला हाय, त्याला अजून सांगितलं न्हाय." चहा आला, आम्ही तो प्यायलो. "विचारा की पुढचं, मॅडम," ते म्हणाले, आणि मी पुढचा प्रश्न विचारला. आता मी हाच विषय कॉलेजात शिकवते. पुस्तकातलं उत्तर सांगते, मग त्या मॅनेजरांचंही सांगते. मुलं दोन्ही मुकाट्यानं लिहून घेतात.